विमान परत येईपर्यंत

बारावीचे पेपर सुरू झाले की आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर आईबापांची जत्रा भरते. कुणी सतरंजी आणतं, कुणी घडीची खुर्ची. यंदा एकीनं तर चक्क स्वेटरचं विणकाम आणलं होतं, नागपूरच्या मार्चमध्ये! मी भूगोलाची शिक्षिका. या दिवसांत माझं शिकवणं बंद होतं आणि पहारा सुरू होतो. पोरं खाली माना घालून लिहीत असतात, मी बाकांच्या रांगांमधून फिरते आणि खिडकीपाशी आले की थांबून खाली बघते. सावलीत बसलेल्यांकडे माझं लक्ष नसतं. उन्हात एकटा उभा असलेला माणूस मी शोधते. असा एखादा दरवर्षी असतोच, आणि तो दिसला की मला उगाचच बरं वाटतं.

यंदा तोही दिसेना, म्हणजे असेल तरी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. बाबांच्या हृदयाच्या नळ्या बंद पडत आल्या होत्या आणि ऑपरेशनची तारीख नेमकी पेपरांच्या मधोमध पडली होती. पंचाहत्तरीचा माणूस. डॉक्टर म्हणाले, करून टाकू या, पण वय बघता काही सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ मी आईपासून लपवलं आणि आईनं माझ्यापासून. आम्हा दोघींना डॉक्टरांनी वेगवेगळं गाठून तेच सांगितलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तरी मार्च आपल्या वाटेनं आलाच. आमच्या नंदनवन वस्तीत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरले, जुन्या ताट्या काढून नव्या बसल्या आणि गल्लीभर ओल्या वाळ्याचा वास सुटला. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर शेवटची संत्री आली, साल सुटलेली, आत साखर. मौद्याकडे आमचं गाव आहे; त्या रस्त्यानं जाताना वीज केंद्राच्या चिमण्यांच्या अलीकडे पळस असा काही पेटलेला असतो की डोळ्यांना सहन होत नाही. हे सगळं दरवर्षी होतं. परीक्षा देऊन तीस वर्षं होत आली, तरी मार्चचा वारा लागला की मला वाटतं, अजून एक धडा राहिलाय बाई वाचायचा!

माझ्या बारावीच्या मार्चमध्ये केंद्र आलं होतं सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत. बाबा रजा टाकून मला स्कूटरवर सोडायचे, आणि सोडून जायचे नाहीत. फाटकासमोर मोठा कडुनिंब होता. त्याखाली बाकीचे आईबाप चादरी अंथरून, शेंगदाणे खात, एकमेकांच्या पोरांचे टक्के काढत बसलेले. आमचे बाबा रस्त्याच्या पलीकडे, भर उन्हात, हात मागे बांधून फाटकाकडे तोंड करून उभे. पेपर संपेपर्यंत बसायचं नाही, खायचं नाही, तोंड फिरवायचं नाही. लोक त्यांना हसायचे. एकदा मी बाहेर पडताना माझ्या मैत्रिणीचे वडील त्यांना म्हणत होते, “बसा ना गा भाऊ, पेपर काही उडून नाही जाऊन राहिला.”

“तुम्ही बसा,” बाबा म्हणाले. “माह्यं विमान वर आहे.”

मेले मी लाजेनं! मैत्रिणी पुढं आठवडाभर मला ‘विमान’ म्हणत होत्या.

हे विमानाचं प्रकरण आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासूनचं. बाबा हवाई दलात विमानांचे मेकॅनिक होते. रशियन बनावटीची लढाऊ विमानं होती त्यांच्याकडे, आणि विशी-बाविशीत त्यांना ती शिकायला सोव्हिएत देशात पाठवलं होतं. मौद्याकडच्या खेड्यातला कुणब्याचा पोरगा, ज्यानं तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त गोळ्याच्या गाडीवर, तो जाऊन पडला एका उजाड गवताळ मैदानात. तिथं नाकातलं पाणी गोठायचं. सोबत आजीनं दिलेली लाल तिखटाची पुरचुंडी होती. तिथल्या उकडलेल्या बिटावर ते तिखट घालून बाबांनी पहिला महिना काढला.

तिथं त्यांना शिकवायला होता स्तेपान मास्तर. पन्नाशीचा, बुटका, खांद्यानं रुंद. बाबांच्या तिखटाची चिमूट त्यानं एकदा हट्टानं जिभेवर ठेवली, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. तिथून दोस्ती जमली. मास्तरला इंग्रजी येत नव्हतं, आपल्याकडून गेलेल्या पोट्ट्यांना रशियन येत नव्हतं. शिकवणं चालायचं हातवाऱ्यांवर आणि एका शब्दावर, ‘नेल्झ्या’. म्हणजे नाही करायचं, अजिबात नाही. चुकीच्या ठिकाणी हात गेला की मास्तर पान्ह्यानं बोटावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, नेल्झ्या! आम्ही भावंडं मग याच शब्दावर लहानाची मोठी झालो. फ्रीजमधली मलाई? नेल्झ्या. पेपरच्या आदल्या दिवशी टीव्ही? नेल्झ्या.

हा मास्तर महायुद्धात एका फायटर रेजिमेंटचा मेकॅनिक होता. दुसऱ्यांच्या घरात झोपताना राजाराणीच्या गोष्टी सांगत असतील. आमच्या घरात गच्चीवर गाद्या टाकल्या की या रेजिमेंटची गोष्ट निघायची. बाबांनी ती तुटक्या रशियनमधून ऐकलेली, आम्ही ती बाबांच्या बोलीतून ऐकलेली, तेव्हा त्यातलं किती खरं आणि किती मौद्याचं, कोण सांगणार! पण ते रेजिमेंट मला आमच्या नात्यातल्या घरासारखं ठाऊक आहे.

त्यांची विमानं लाकडाची होती. पंखाला गोळी लागून भोक पडलं की मेकॅनिक रात्रीतून फळीचा तुकडा बसवायचे, वर कापड ताणून खळ लावायचे, पतंग सांधावा तसं. हिवाळ्यात संध्याकाळी इंजिनातलं गरम तेल डब्यांत काढून ठेवायचं आणि पहाटे ते चुलीवर तापवून परत ओतायचं, नाही तर इंजिन जागचं हलायचं नाही. इंजिनावर गोधड्या. उघडं बोट लोखंडाला लागलं की चिकटलंच, ओढलं की कातडी तिथंच राहायची. बंदुकांचे पट्टे भरायला मुली होत्या, विशीच्याही आतल्या. त्या गोळ्या भरताना गाणी म्हणायच्या आणि मेकॅनिक त्यांना आपल्या वाट्याची साखर द्यायचे. धावपट्टी म्हणजे कुठलं तरी कोबीचं वावर. आघाडी पुढं सरकली की रेजिमेंट आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावच्या वावरात जायचं. “कोबी कोन खाये मग, बाबा?” माझा धाकटा भाऊ दरवेळी विचारायचा. “रेजिमेंटच खाये. रोज कोबी,” बाबा दरवेळी सांगायचे.

आणि मग यायचा तो भाग, ज्यासाठी आम्ही जागे असायचो. विमानं उडून गेली की मेकॅनिक वावराच्या बांधावर येऊन उभे राहायचे, गेलेल्या दिशेकडे तोंड करून. “विमान मेकॅनिकचं असते,” बाबा म्हणायचे. “पायलटले आपण ते उसनं देतो. वापस येईस्तोवर मेकॅनिकनं बसाचं नाही, खाचं नाही. रेजिमेंटचा कायदा आहे.” विमान दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा, आणि नुसत्या आवाजावरून ज्याचा तो ओळखायचा, हे माझं. ज्याचं आलं तो धावत सुटायचा. ज्याचं नाही आलं तो तसाच उभा. इथं बाबा थांबायचे. गच्चीवरून दूर उतरणाऱ्या विमानाचा दिवा दिसत असायचा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बाबा त्याच्याकडे बघत राहायचे.

लढाई संपली. रेजिमेंट जिंकलं, पार जर्मनीपर्यंत गेलं, छातीवर बिल्ले लागले. मला लहानपणी वाटायचं, संपली गोष्ट. पण बाबांना त्यापुढचाच भाग जास्त आवडायचा, आणि वय वाढलं तसा मलाही तोच आवडायला लागला. लाकडी विमानं म्हातारी झाली. एका हिवाळ्यात ती करवतीनं कापून बराकींतल्या शेगड्यांत घातली. मास्तर म्हणे आपल्या विमानाच्या पंखाशेजारी रात्रभर हात शेकत बसला आणि सकाळी म्हणाला, चला, जाता जाता ऊब देऊन गेलं. मग जेट आली. पंखा नाही, काही नाही, नुसती शिट्टी. जुने मेकॅनिक हवालदिल झाले, की सगळ्यांचा आवाज एकच, आता आपलं कसं ओळखायचं? महिनाभरात तेही ओळखू यायला लागले. रेजिमेंट दूर गवताळ मैदानात नेलं. तिथं लग्नं झाली, पोरं झाली, बराकीमागं टमाटे लावले. आणि मग एक दिवस वरून हुकूम आला, फौज कमी करायची. रेजिमेंट मोडलं. झेंडा गुंडाळून नेला, नंबर दुसऱ्या कुणाला दिला. कुणी ट्रॅक्टर चालवायला गेला, कुणी रेल्वेत. मास्तर शिकवायला राहिला, आणि त्याच्या हाताखाली आमचे बाबा आले.

जगातलं एवढं मोठं युद्ध जिंकलेलं रेजिमेंट कागदावर उरलं नाही आणि नंदनवनातल्या आमच्या दोन खोल्यांत मात्र त्याचा कायदा चालू राहिला, याची मला पुढं फार गंमत वाटायची. भाऊ सहलीला गेला, बाबा फाटकाशी उभे. आई माहेरून एसटीनं निघाली, बाबा उपाशी. मी पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा गाडी मनमाडला अडकून पडली होती, पोचल्यावर बूथवरून फोन केला तर आईनं उचलला आणि माझा आवाज ऐकायच्या आधी आत ओरडून सांगितलं, “उतरलं हो विमान! या आता जेवाले!” माझं लग्न लागल्यावर पाठवणीच्या गाडीत बसताना मी रडत रडत बाबांना म्हटलं होतं, “आता तरी जेवून घ्या.” सासरची मंडळी चक्रावली.

त्या बारावीच्या मार्चमधला गणिताचा पेपर मला अजून आठवतो. शेवटचं गणित सुटेना. घंटा झाली, पुरवण्या बांधायचा दोरा सापडेना, आणि मी सगळ्यांत शेवटी बाहेर आले. रस्ता रिकामा झाला होता. कडुनिंबाखाली शेंगांची टरफलं. बाबा पलीकडे उभे, शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. मला वाटलं विचारतील, कसा गेला पेपर. त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी नंतर माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नाही. “आली,” एवढं म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. मग तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आम्ही दोघं जेवलो. तर्री संपत आलेली, तळाची, झणझणीत. बाबांनी प्लेटीवर प्लेट मागवली आणि नाक पुसत खाल्ली. सुटलं बाप्पा एकदाचं, असं मला वाटलं, आणि गणितात किती मिळतील याची फिकीर त्या ठेल्यावरच राहून गेली.

तर ऑपरेशनचा दिवस. हॉस्पिटल वर्धा रोडला, मिहानकडे जाताना लागतं. विमानं तिथून अगदी डोक्यावरून उतरतात. सकाळी बाबांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा एक उतरत होतं. हिरव्या टोपीतल्या बाबांनी कान दिला आणि म्हणाले, “डावं इंजिन थोडं कण्हून राहिलं.” वॉर्डबॉय हसला. मग मोठा दरवाजा उघडला, स्ट्रेचर आत गेलं आणि दरवाजा लागला.

बाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. आई बसली. मी बसले नाही. ठरवून नाही हो काही, नुसतं बसवेना. दरवाजाकडे तोंड करून भिंतीशी उभी राहिले. आईनं डबा उघडला, मेथीच्या पोळ्या आणि तिळाची चटणी, तो वास सगळ्या व्हरांड्यात पसरला.

“खाऊन घे वं पोरी.”

“नको. बाबा बाहेर येऊ दे.”

आईनं माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकला. मला तिचा रागच आला. नवरा आत छाती उघडून पडलाय आणि ही पोळी खातेय! सिक्युरिटीवाला दोनदा येऊन गेला. “मॅडम, बैठ जाइए ना, कायको खड़े हो?” मी म्हटलं, भैया, ऐसा ही है हमारे घर में. तो बिचारा काय समजला कोण जाणे, त्यानं मला पाण्याची बाटली आणून दिली. मी ती तशीच धरून ठेवली.

किती वाट पाहिली, सांगत नाही. पाय सुजले. मध्ये दरवाजा उघडायचा, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारायचे, ते लोक धावत सुटायचे आणि मी तशीच उभी. एकदा एका घरच्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात काही सांगितलं. त्या घरची सून खाली बसली ती उठेना. त्यानंतर मला दरवाजाकडे बघवेना आणि तोंडही फिरवता येईना. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की बाबा त्या कडुनिंबासमोर उभे असायचे म्हणजे नेमकं काय करत असायचे. मला शाळेत बसून गणितं सोडवायची होती, सोपं काम होतं माझं.

दुपार कलल्यावर दरवाजा उघडला आणि आमचं नाव आलं. डॉक्टर मास्क खाली ओढत म्हणाले, “छान झालं. घाबरायचं काही नाही.” मी त्यांचा हात धरला आणि सोडेचना. आई म्हणाली, “सोड वं, त्याईले दुसरे पेशंट आहेत.” आणि मग तिचाच आवाज फुटला. व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांनी आमचं अभिनंदन केलं. मी बसले, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकून खुर्चीवरून घसरलेच. सलाइन लावायची वेळ! वडील आत शुद्धीवर येत होते आणि मुलगी बाहेर कॅज्युअल्टीत आडवी. बाबांना भेटायला पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी तिथं नव्हते.

पुढं त्यांना साध्या खोलीत आणलं. छातीला टाके, खोकताना धरायला एक गोल उशी दिलेली, ती मिठीत घेऊन बाबा बसलेले. दाढी वाढलेली, पण डोळे चांगले लखलखीत. आईनं मुगाची मऊ खिचडी आणली होती. ती भरवता भरवता तिनं माझी चहाडी केली.

“तुमची लेक त्या दिवशी दिवसभर उपाशी. उभीच्या उभी. चक्कर येऊन पडली, सुई लावा लागली.”

बाबांचा घास थांबला. “काहून?”

“काहून म्हणजे?” मी म्हटलं. “तुमचाच कायदा. विमान येईपर्यंत बसायचं नाही, खायचं नाही. रेजिमेंटचा.”

बाबांनी आईचा चमचा हातानं बाजूला केला. मग म्हणाले, “तसा कायदा नोहता वं, वैशू.”

“नव्हता?”

“उलटा होता. विमान वर गेलं का मास्तर आम्हाले पयले जेवाले बसवे. धाक देऊन. लढाईत एक डाव त्याचं विमान आलं नाही. तो उपाशी उभा राह्यला, दिवसभर. संध्याकाळी दुसऱ्याचं फुटकं विमान कसंबसं उतरलं, आतमधी पायलट जखमी, आन् मास्तरच्या हाताले जोरच नाही. झाकण उघडता येईना त्याले. दुसरा धावत आला म्हणून पोरगा वाचला. तेव्हापासून म्हणे, जो थांबते त्यानं खाल्लंच पाह्यजे. येणाऱ्याले तुमचे हात लागतात, तुमचा उपास नाही लागत.”

“मग तुम्ही...”

“माह्या घशाखाली उतरेच ना.” बाबांनी उशी जरा घट्ट धरली. “सारे पोट्टे बसून खात, मी उभा. मास्तर शिव्या दे. म्हणलं वय झालं का जाईल. मग तू झाली, अन् ते भेव बमच वाढलं. तू शाळेत गेली तरी मले भेव, तुहा भाऊ सायकलवर गेला तरी भेव. आता फौजेतला माणूस, लेकराईले कसं सांगू का मी भेतो म्हणून? म्हणलं, रेजिमेंटचा कायदा आहे.”

मी आईकडे पाहिलं. ती वाटी खरवडत होती. “मले लग्नाच्या पयल्याच साली समजलं होतं,” ती म्हणाली. “दोघंही उपाशी राह्यलो असतो त तुमाले वाढलं कोनं असतं?”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या घोळात मी बाबांचा हात धरला. त्या हाताला अजून सुईची पट्टी होती. इतकी वर्षं मी लोकांना अभिमानानं सांगत आले की आमच्या घरी एका परक्या फौजेची शिस्त आहे. शिस्त कसली! माझा बाप माझ्यावरच्या मायेपोटी घाबरत होता, आणि ते लपवायला त्यानं अख्खं रेजिमेंट कामाला लावलं होतं.

“आता माह्यासमोर खा,” बाबा म्हणाले.

आईनं माझ्यासाठी खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, नीट टेकून बसले आणि जेवले. बाबा माझ्या एकेका घासाकडे बघत होते. ते बरे झाले होते, आणि मला बम भूक लागली होती.